पाच रुपयाचं नाणं तांब्यासारखं लाल: टांकसाळीची चूक की आणखी काही?

पडवीतला_झोपाळा
मंडळी, गणपतीसाठी गुहागरला घरी आलोय. काल आजीच्या सुपारीच्या डब्यात एक पाच रुपयाचं नाणं सापडलं. जुनं, जाड, कडेला खाच असलेलं. साल १९९९, सालाखाली हिऱ्याची खूण. हे नाणं पांढरं असतं, पण आमचं चक्क लाल आहे, नुकत्याच घासलेल्या पळीसारखं. एक बाजू एकसारखी लाल आहे. सिंहांची बाजू मात्र डागाळलेली आणि मधोमध वाटाण्याएवढा पांढरा ठिपका राहिलाय. नाणं बरंच फिरलेलं असावं, सिंहांची तोंडं झिजून गुळगुळीत झालीत. लोहचुंबकाला चिकटत नाही. नाक्यावरच्या सोनाराकडे वजन केलं, ८.९४ ग्रॅम.

मेव्हणा म्हणतो टांकसाळीत चूक झालेलं नाणं आहे, लाखात जाईल. आजी म्हणते, "पाचाचं आहे, जागेवर ठेव." कुणाचं खरं धरू?

तिरफळ
आजीचं. कायम आजीचं.

खाडीपलीकडचा
मेव्हण्याने हिस्सा मागितला का? मागितला नसेल तर त्याचाही स्वतःवर विश्वास नाही.

नाणीवेडा
वीसेक वर्षं नाणी जमवतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी हे लक्षात घ्या, की तुमच्या 'पांढऱ्या' नाण्यात पंचाहत्तर टक्के तांबंच असतं. उरलेलं पंचवीस टक्के निकेल. एवढं निकेल तांब्याचा लाल रंग पार झाकून टाकतं. त्यामुळे लाल रंग दिसला की धातू बाहेरूनच आला असेल असं नाही, तांबं आत बसलेलंच आहे.

आता टांकसाळीत रंग कुठे बिघडतो ते सांगतो. धातू वितळवून लादी ओततात, ती लाटून पत्रा करतात, पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापतात. लाटताना धातू कडक होतो. तशाच चकतीवर ठसा मारला तर नक्षी नीट उठत नाही आणि ठसाही लवकर मरतो. म्हणून चकत्या भट्टीत तापवून नरम करतात. त्या भट्टीत हवा शिरू द्यायची नसते. शिरली, किंवा तापमान चुकलं, की तांब्यावर प्राणवायूची पुटं चढतात: तपकिरी, लाल, जांभळी, अगदी काळीसुद्धा. पुढे तेजाबाच्या पाण्यात धुऊन ती काढायची असतात. धुणं कमी पडलं तर रंगीत चकती तशीच ठशाखाली जाते.

दुसरा प्रकार म्हणजे भट्टीत आधीच्या मालाची तांब्याची बारीक पूड राहते आणि पुढच्या चकत्यांवर भाजून चिकटते. संग्राहक याला 'सिंटर्ड' म्हणतात. नाणं खरोखर तांब्याचं वाटतं, पण सगळा खेळ कातडीचा. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यात हे प्रकार पुष्कळ मिळतात, त्याचा धातू आपल्यासारखाच, पंचाहत्तर-पंचवीस.

तिसरा प्रकार मिश्रण नीट न ढवळण्याचा. मग तांब्याचा पट्टा वेगळा राहतो, लाटताना तो लांब ओढला जातो आणि नाण्यावर सागवानाच्या फळीसारख्या तपकिरी रेघा येतात.

फोटो टाका. कडेचा नक्की टाका, खाचेच्या आतला रंग बघायचाय.

आंबोळी
काय सुंदर प्रतिसाद! "ठसा लवकर मरतो" हे आवडलं.

बंड्या_देवगड
माका वाटता ह्या नाणा नकली आसा. आमच्या बाजारात धाचा नाणाव कोण घेई नाय, नि हेंका लाल पाचाचे लाख होये!

खाडीपलीकडचा
बंड्या, दहाचं नाणं न घेणारे तुमच्याकडेही आहेत का? आमच्याकडे यष्टीचा कंडक्टर घेतो, पण भाजीवाली घेत नाही. रेघा दहा की पंधरा यावरून वाद. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगून झालंय, की चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत.

बंड्या_देवगड
ता भाजीवालीक सांग.

कोकमसरबत
धागाकर्त्यांना काळजीपोटी सांगते. "जुनं नाणं द्या, लाखो घ्या" अशा जाहिरातींत आमच्या शेजारच्या काकांचे सात हजार गेले. आधी 'नोंदणी', मग 'कर', मग फोन बंद. काकांकडे वैष्णोदेवीचं पाचाचं नाणं होतं, २०१२चं, असं घरोघरी असतं. आपल्या नावाने असे पैसे मागणारे भामटे आहेत हे रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये जाहीर केलंय. मेव्हण्याला फोनपासून लांब ठेवा.

पडवीतला_झोपाळा
मेव्हण्याने कालच एका ठिकाणी फोटो पाठवलाय. आता काय करू?

तिरफळ
त्याचं सिमकार्ड सुपारीच्या डब्यात ठेवा.

जुनापाना
अवांतर आहे, पण रंग बदलला की चूक असं नसतं. आमच्या पणजीच्या पेटीत पिवळ्या दोन आण्या होत्या, भाऊंनी त्या सोन्याच्या म्हणून जपल्या. पुढे कळलं, की महायुद्धात निकेलची टंचाई झाली, म्हणून १९४२ ते ४५ या काळात आणे निकेल-पितळेचे पाडले होते. ४६ साली परत पांढरे झाले. सरकारनेच रंग बदलला होता.

तीच गत कमळाच्या वीस पैशांची. १९६८ नंतरची ती पिवळी नाणी. त्यात सोनं आहे अशी अफवा होती. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटात ती अजून निघतात. सोनं नाही, पण मान सोन्याचा.

आंबोळी
आमच्याकडेही आहेत! अकरा!! सासूबाई मोजून ठेवतात.

शिमगोत्सव
माझा किस्सा. आमच्याकडे होळीत नारळ टाकतात. एका वर्षी कुणीतरी नारळाला रुपया चिकटवून टाकला. दुसऱ्या दिवशी राखेत मिळाला तो निळा-जांभळा, मधे सोनेरी, मोरपिसासारखा. वर्षभर मी तो 'टांकसाळीची दुर्मिळ चूक' म्हणून शाळेत दाखवला. मास्तरांनी एका वाक्यात निकाल लावला, "पोलाद तापलं की असंच होतं."

नाणीवेडा
मास्तर बरोबर. १९९२ पासूनचा छोटा रुपया स्टेनलेस पोलादाचा आहे. तापला की वर अतिशय पातळ पूट चढते आणि तिच्या जाडीप्रमाणे गवती, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग दिसतात. भट्टी बिघडली तर कोऱ्या चकतीवरही हेच रंग येतील. म्हणजे रंग तोच, पण एक टांकसाळीचा आणि एक होळीचा. रंग बघून निकाल देता येत नाही तो यामुळेच. रंग ठशाच्या आधी आला की नंतर, एवढंच शोधायचं असतं.

दर्यावर्दी७
मग धागाकर्त्यांचं नाणं सिंटर्ड का नाही? लाल आहे, चुंबकाला लागत नाही, वजन बरोबर. सगळं जुळतंय. उगाच भाबड्या माणसाला नाउमेद करू नका.

नाणीवेडा
@दर्यावर्दी७, वजनाने इथे काही ठरत नाही. नऊ ग्रॅमचं नाणं, झिजून ८.९४ झालं. तांब्याची कातडी केसापेक्षा बारीक, तिचं वजन सोनाराच्या काट्यावर काय दिसणार? जिथे एक थरच गायब असतो तिथे वजन कामाला येतं. अमेरिकेच्या पाव डॉलरला दोन्ही अंगांनी निकेल-तांब्याचा पत्रा चढवलेला असतो. एका बाजूचा राहिला तर ती बाजू लाल दिसते आणि नाणं हलकं भरतं. चुंबकाचा उपयोग वेगळ्या ठिकाणी. १९४३ साली अमेरिकेने तांबं वाचवायला पोलादाचे सेंट पाडले. चुकून थोड्या काशाच्या चकत्या त्या वर्षीच्या ठशाखाली गेल्या, आणि ते सेंट आज जगप्रसिद्ध आहेत. त्यामुळे लोक साध्या पोलादी सेंटवर तांबं चढवून विकतात. चुंबक लावला की बिंग फुटतं.

आपल्या धाग्यात खरा साक्षीदार दुसराच आहे आणि तो पहिल्याच पोस्टमध्ये येऊन गेलाय: झीज. भट्टीत चढलेलं तांबं ठशाच्या आधीचं. मग नाणं बाजारात फिरलं, सिंहांची तोंडं झिजली, तर आधी काय झिजणार? वरची कातडी. नाकाडांवर पांढरा धातू उघडा पडायला हवा आणि खोलगट भागात लाल राहायला हवा. झोपाळाभाऊ, झिजलेली तोंडं कुठल्या रंगाची आहेत?

पडवीतला_झोपाळा
(जेवून आलो. उकडीचे मोदक अकरा झाले.)
झिजलेली तोंडंही लाल. कडेच्या खाचेतही लाल, पण अर्ध्याच घेराला.

नाणीवेडा
मग रंग झिजेनंतरचा. मेव्हण्याला सावकाश सांगा.

दर्यावर्दी७
पण मग पांढरं नाणं घरबसल्या लाल होतं कसं? कुणी आजींच्या डब्यात शिरून मुलामा दिला?

रोठावाला
मी श्रीवर्धनचा, सुपारीची बाग आहे. नाण्यातलं कळत नाही, पण लाल होण्यातलं कळतं.

पावसाळ्यात कोळेरोग येतो, म्हणून झाडांवर बोर्डो मिश्रण मारतो. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मिश्रण जमलं की नाही हे बघायला वडील विळ्याचं पातं घासून लखलखीत करायचे आणि आत बुडवायचे. पातं लाल होऊन निघालं तर चुना कमी, अजून घाला. मोरचूद म्हणजे तांब्याचं मीठच. चुना कमी पडला की तांबं पाण्यात मोकळं राहतं आणि लोखंड दिसलं की त्यावर बसतं. म्हणून हे मिश्रण लोखंडी पिंपात कालवत नाहीत. तुमच्याकडे बाग आहे का? नाणं मोरचुदात पडलं असेल.

जुनापाना
वा! पण ते लोखंडावर. नाणं लोखंडाचं नाही, चुंबकच लागत नाही.

रोठावाला
हां, ते राहिलंच.

ठोकणी
राहिलं नाही, अर्ध्यावर आलात. आमचा घरचा धंदा सोनारकाम. दागिना तापवून झाला की तेजाबाच्या पाण्यात टाकतो, काळेपणा निघतो. त्या पाण्यात हळूहळू तांबं उतरत जातं. आजोबांचा पहिला नियम होता, की त्या पाण्यात लोखंडी चिमटा घालायचा नाही. मी बारा वर्षांचा असताना घातला. एका गिऱ्हाईकाचे चांदीचे वाळे होते, लाल होऊन बाहेर आले. आजोबांनी चिमटा माझ्याच पाठीत घातला.

चांदी एकटी त्या पाण्यात पडली तर तिला काही होत नाही. लोखंड तिला टेकलं की लोखंड विरघळायला लागतं आणि पाण्यातलं तांबं चांदीवर येऊन बसतं. बिनतारेची बॅटरीच म्हणा. तुमच्या नाण्याचंही हेच झालं असणार. तीन गोष्टी लागतात: आंबट पाणी, त्यात उतरलेलं तांबं, आणि नाण्याला टेकलेलं लोखंड. आजींना विचारा.

कोकमसरबत
आंबट पाणी आणि तांबं! अहो, गणपतीच्या आधी आपण सगळ्या काय करतो?

आंबोळी
देवाची भांडी!!! आमसुलाने!!!

पडवीतला_झोपाळा
आजीला विचारलं. शब्दशः देतो.

"मागच्या वर्षी ताम्हन, पळी, पंचपात्र, कलश, सगळं आमसुलं कुस्करून त्या पाण्यात भिजत घातलं होतं. मीठ घालते मी, लवकर निघतं. रात्री पाहुणे आले नि राहिलं ते दोन दिवस. ताम्हनात दक्षिणेचं नाणं असेल, पडलं असेल खाली."

"कशात भिजवलं होतंस?"

"घमेल्यात. आणखी कशात? आजोबांचं लोखंडी घमेलं आहे ते, मुंबईत तसलं मिळत नाही."

वाटाण्याएवढा पांढरा ठिपका म्हणजे घमेल्याच्या बुडाला टेकलेली जागा का?

ठोकणी
तीच. तिथे पाणीच पोचलं नाही, तर तांबं कुठून बसणार? वरची बाजू मोकळी होती, ती एकसारखी लाल. आणि खाच अर्धीच लाल, कारण नाणं जरा कलतं पडलं होतं. आजोबा असते तर घमेल्यालाही चिमटा बसला असता.

तिरफळ
सीआयडीवाल्यांनाही हे जमलं नसतं.

गणितमास्तर
चिपळूणला शाळेत विज्ञान शिकवतो. वाचून राहवलं नाही, म्हणून काल करून बघितलं. प्रयोगशाळेतला मोरचूद, चिमूटभर, थोडं लिंबू. दोन काचेच्या बशा. दोन्हींत एकेक जुनं जाड पाचाचं नाणं. एका नाण्याखाली घासलेला खिळा ठेवला, दुसरं एकटं. मधल्या सुट्टीपर्यंत खिळा लाल झाला, शाळा सुटेपर्यंत खिळ्यावरचं नाणंही लालसर. एकटं नाणं पांढरंच. नववीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, एकाने विचारलं, "सर, याचे लाख मिळतील का?"

मोरचूद विषारी आहे, घरच्या भांड्यात हा प्रयोग करू नका. आणि झोपाळाभाऊ, आमसुलाचं ते हिरवट पाणी गुरांना किंवा झाडांना घालू नका, तांबं उतरलेलं असतं.

दर्यावर्दी७
नाव गणितमास्तर आणि शिकवता विज्ञान?

गणितमास्तर
गणिताचे रिटायर झाले, नाव माझ्याकडे आलं.

खारेवारे
माझा प्रश्न जरा वेगळा. आमचं घर समुद्राला लागून, परसात विहीर, पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. गाळ काढताना तळाशी पाचाची नवी पिवळी नाणी मिळाली, कुणी पोरांनी टाकलेली. ती जागोजागी गुलाबी झालीत. तिथे ना आमसूल, ना घमेलं. मग?

नाणीवेडा
हा छान प्रश्न. २००९ नंतरचं पिवळं पाचाचं नाणं निकेल-पितळेचं, म्हणजे तांबं, जस्त आणि थोडं निकेल. पितळ खाऱ्या पाण्यात बरेच दिवस राहिलं की त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं राहतं, तेच गुलाबी दिसतं. किनाऱ्यावरच्या गावांत पितळी नळाच्या तोट्यांना हेच होतं, वरून गुलाबी आणि आतून पोकळ. इथे काही चढलेलं नाही, उलट गेलेलं आहे. नाण्यांचे काठ टोकदार टाचणीने हळूच खरवडून बघा, भुसभुशीत लागेल.

खारेवारे
टाचणी सहज आत गेली! आणि आमच्या नळाची तोटी पण मागच्याच महिन्यात हातात आली होती. प्लंबरला उगाच बोललो.

बंड्या_देवगड
प्लंबराक सॉरी म्हण. नि तोटी आता प्लास्टिकची घे, खाऱ्या वाऱ्याक तीच बरी.

दर्यावर्दी७
ठीक, आजींच्या नाण्याबाबत हरलो. पण नाणीवेडासाहेब, इतकी वर्षं नाणी जमवताय, खरी टांकसाळीची रंगचूक तुमच्या हाताला लागली का कधी? की नुसतंच पोथीतलं?

नाणीवेडा
एक आहे. अकरा कोनांचं जुनं दोन रुपयाचं, पांढऱ्या धातूचं. रत्नागिरीला मासळी घेताना सुट्ट्या पैशांत आलं. दोन्ही बाजूंना बारीक तपकिरी रेघा, एकाच दिशेने, कडेपर्यंत. आधी वाटलं बांगड्याचं रक्त लागलंय. घरी धुतलं, गेलं नाही. भिंगाखाली बघितलं तर रेघा अक्षरांवरून आणि नकाशावरून अखंड गेलेल्या, म्हणजे रेघ धातूतच होती, ठसा नंतर पडला. झिजलेल्या ठिकाणीही रेघ तितकीच गडद, कारण ती कातडीची नाही, अंगातली आहे. आजींच्या नाण्याच्या बरोबर उलटी साक्ष.

किंमत? एका प्रदर्शनात एकाने साडेतीनशे सांगितले. दिलं नाही. त्या दिवशीचे बांगडे त्याहून महाग पडले होते.

आंबोळी
फोटो!!!

नाणीवेडा
रविवारी टाकतो. भिंगाखाली मोबाइल धरायला पुतण्या लागतो.

कोकमसरबत
झोपाळा, त्या लाल नाण्याचा एक चांगला फोटो तुम्हीही टाका. अशा उदाहरणाचा संग्रह हवा. मेव्हण्याचं पुढे काय झालं?

पडवीतला_झोपाळा
मेव्हण्याला समोरून 'नोंदणी फी' अडीच हजार मागितली. त्याने घासाघीस करून दीड हजारावर आणलं होतं. बहिणीने मोबाइल काढून घेतला.

फोटोचं मात्र राहिलं. आज सकाळी उठून बघतो तर डब्यात पांढरं नाणं. आजीने काल रात्री चुलीतल्या राखेने घासून लख्ख केलं. म्हणाली, "डाग पडला होता, देवापुढे ठेवायचं तर स्वच्छ नको?" आरतीच्या ताटात पडलंसुद्धा.

ठोकणी
पुरावा गेला! घमेलं तरी आहे ना?

पडवीतला_झोपाळा
आहे. यंदाची भांडी भिजतायत त्यात.